कमरेएवढं धरण

हर्सूलचा तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, की छत्रपती संभाजीनगरात ती बातमी वर्तमानपत्राच्या आधी घरोघरी पोचते. संध्याकाळी हर्सूलच्या रस्त्याला दुचाकींची रांग लागते. मक्याची कणसं भाजणारे येतात, आजीला आधार देत नातवंडं येतात. पुण्या-कोकणाकडच्या माणसाला या गर्दीचं नवल वाटेल. पण या शहराने नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट पाहिलेली आहे. त्याचं बहुतेक पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून उपसून आणावं लागतं. अशा गावात आपोआप वाहणारं, फुकटचं, फेसाळतं पाणी बघायला माणसं जाणारच. जिल्ह्यात तेच चित्र वेरूळच्या सीता न्हाणीपाशी, अजिंठ्याच्या सातकुंडापाशी आणि गावोगावच्या बंधाऱ्यांवर दिसतं.

हर्सूलचं ओसंडलेलं पाणी खाम नदीत उतरतं, पाणचक्कीला वळसा घालून शहर ओलांडतं आणि शेवटी गोदावरीच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला मिळतं. नाथसागराच्या भिंतीची लांबी सुमारे दहा किलोमीटर आणि दरवाजे सत्तावीस. तिथे विसर्ग वाढवायचा झाला, तर खालच्या गावांना आधी इशारा जातो. एवढ्या मोठ्या भिंतीसमोर माणूस आपसूक दबकून उभा राहतो. गावच्या बंधाऱ्यापुढे मात्र तोच माणूस चपला काढून, पँट दुमडून भिंतीवर चढतो. त्याला वाटतं, पाणी कमरेएवढं तर आहे.

या प्रकरणात त्या कमरेएवढ्या पाण्याचा हिशेब मांडू.

भिंतीवरून सांडणारं पाणी

धरण आणि बंधारा यांच्यातला कामाचा फरक साधा आहे. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाऊ द्यायचं नसतं. जादा पाण्यासाठी बाजूला सांडवा ठेवलेला असतो. बंधाऱ्याची दगडी किंवा काँक्रीटची भिंत मात्र नदीच्या पात्रातच आडवी बांधलेली असते आणि पूर तिच्या अंगावरूनच जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या मधल्या खाचांत फळ्या बसवतात. कोल्हापूरकडे त्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्याआधी त्या काढायच्या आणि पाऊस ओसरला की बसवायच्या. फळ्या वेळेवर निघाल्या नाहीत, तर पूर बंधाऱ्याच्या कुशीतून वाट काढतो आणि शेजारची शेतं खरवडून नेतो. मग बंधारा जागच्या जागी उभा असतो आणि नदी त्याच्या बगलेतून वाहत असते.

भिंतीवरून किती पाणी पडतंय, याचा डोळ्यांना बांधलेला अंदाज हमखास चुकतो. तीस मीटर रुंद बंधारा घेऊ. त्याच्या माथ्यावरून वीतभराहून थोडं जास्त, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी चाललं असेल, तर दर सेकंदाला साधारण आठ घनमीटर पाणी खाली पडतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे एका सेकंदात आठ टन! वरच्या शिवारात जोराची सर झाली आणि थर ६० सेंटिमीटर झाला, तर आपलं मन म्हणतं की पाणी दुप्पट झालं. प्रत्यक्षात ते जवळजवळ तिप्पट होतं, कारण थर जाड होतो तसा त्याचा वेगही वाढतो. काठावरून पाहणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं, की मघाशी उघडा असलेला दगड आता दिसत नाही.

पायथ्याशी काय चालतं

दोन मीटर उंचीवरून पडणारं पाणी तळाशी पोचेपर्यंत ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास वेग घेतं. त्या वेगाने ते तळाला भिडतं, तळालगत पुढे सरकतं आणि काही अंतरावर उकळी फुटल्यासारखं वर येतं. नंतरचा भाग पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वर आलेल्या पाण्यातलं थोडं पाणी नदीच्या दिशेने पुढे जातं आणि उरलेलं पृष्ठभागावरून उलटं, भिंतीकडे परततं. तिथे वरून पडणारी धार त्याला पुन्हा तळाशी दाबते. असा एक आडवा भोवरा भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहतो. नदीतला नेहमीचा भोवरा उभा आणि गोल असतो, तो दिसतो. हा झोपलेला असतो आणि फेसाखाली दडलेला असतो.

त्यात लाकडाचा ओंडका पडला, तर तो तासन्‌तास तिथेच वरखाली होत राहतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे भिंतीलगत नाचताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. ते वाहून का जात नाहीत, असा प्रश्न तेव्हा पडायला हवा. माणसाचंही तेच होतं. तो वर येतो, श्वास घेतो न घेतो तोच पृष्ठभागावरचा प्रवाह त्याला पुन्हा भिंतीकडे ओढतो.

त्यात फेसाची भर पडते. पाण्यात हवा मिसळली की त्याची घनता कमी होते. माणसाचं शरीर पाण्यापेक्षा अगदी थोडं हलकं असतं, म्हणून आपण तरंगतो. दहा टक्के हवा मिसळली, तरी हे गणित उलटतं आणि चांगला पोहणाराही बुडू लागतो. फेसात हात मारले तरी त्यांना धरायला पाणीच मिळत नाही. अमेरिकेत अशा बुटक्या बंधाऱ्यांना ‘बुडवणारं यंत्र’ असंच नाव पडलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी १९७५ साली अशाच एका बंधाऱ्यापाशी बचावाला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांवरच जीव गमवायची पाळी आली. त्यांच्याजवळ बोट होती आणि शिकलेली माणसं होती. पण बोटही त्या उलट्या प्रवाहाने भिंतीकडेच ओढली जाते.

हा भोवरा रोज नसतो, हीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट. भिंतीच्या खालच्या अंगाला पाणी उथळ असेल, तर पडलेली धार सरळ पुढे निघून जाते. खालचं पाणी फार चढलं, तर भिंतच बुडते आणि नदी तिच्यावरून सपाट वाहते. या दोन्हींच्या मधल्या पातळीला तो तयार होतो. म्हणून ‘आम्ही लहानपणापासून इथे पोहतो, काही होत नाही’ हे गावकऱ्याचं बोलणं खरंही असतं आणि निरुपयोगीही. कालचा बंधारा आणि आजचा बंधारा एकच असला, तरी पाणी एक नसतं.

गुडघाभर पाण्याचं वजन

मौजेसाठी प्रसिद्ध असलेलं महाराष्ट्रातलं छोटं धरण म्हणजे लोणावळ्याचं भुशी. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं गेलं. इंजिनं गेली, धरण राहिलं. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं आणि हजारो माणसं त्या पायऱ्यांवर बसून भिजतात. कुणी तिथे बसावं यासाठी ते बांधलेलंच नव्हतं. जत्रा नंतर आली.

३० जून २०२४ रोजी या धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुलं होती. पाणी वाढलं तेव्हा ती सगळी प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी होती. ते दृश्य नंतर देशभर मोबाइलवर फिरलं. बघणाऱ्यांपैकी अनेकांनी विचारलं, एवढ्याशा पाण्यात ते चालत बाहेर का आले नाहीत?

उत्तर आकड्यांत आहे. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा मीटर खोल, म्हणजे जेमतेम गुडघ्याएवढ्या पाण्यात एक माणूस उभा आहे. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर त्याच्या पायांवर सात-आठ किलोंचा रेटा येतो. तो सहज सोसतो आणि त्याचा आत्मविश्वास वाढतो. वेग दोन मीटर झाला, म्हणजे माणूस भरभर चालतो तेवढा, की रेटा तीस किलो होतो. चार मीटरला एकशेवीस. पायाखाली शेवाळ, कडेवर मूल आणि आजूबाजूला घाबरलेली माणसं असताना एकशेवीस किलोंचा रेटा कोण थोपवणार? शिवाय पाणी जितकं वर चढतं, तितकं ते शरीराला उचलतं आणि पायांची पकड तितकीच कमी होते.

पाणी एकदम कसं वाढलं, याचंही कारण भूगोलात आहे. डोंगरातल्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र छोटं आणि उतार तीव्र असतो. वरच्या माळावर कोसळलेली सर काही मिनिटांत खाली पोचते. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ती पोचू शकते. आपल्याकडे म्हैसमाळच्या उतारावर, पितळखोऱ्याच्या दरीत आणि अजिंठ्याच्या डोंगरात नेमकी हीच रचना आहे. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, की फोटो काढण्याची वेळ संपली असं समजावं.

वरच्या अंगाची शांतता

बंधाऱ्याची खालची बाजू निदान आवाज तरी करते. वरची बाजू तळ्यासारखी निवांत असते, म्हणून आया मुलांना तिथे सोडतात. पण त्या पाण्याचा तळ कसा आहे हे गावालाही माहीत नसतं. उन्हाळ्यात तिथून गाळ नेलेला असतो. गाळ शेतात पसरणं चांगलंच. मराठवाड्याच्या हलक्या जमिनींना त्याचा फायदा होतो. पण जेसीबीने खणलेला खड्डा विहिरीसारखा उभ्या काठाचा राहतो. पहिल्या पावसात तो भरतो आणि वरून पाणी एकसारखं दिसू लागतं. कमरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्या मुलाचं पुढचं पाऊल दोन पुरुष खोलीत पडतं. गोदावरीच्या पात्रात वाळू उपशाच्या खड्ड्यांनी हेच केलं आहे.

इथे आपल्या पोहण्याबद्दलही बोललं पाहिजे. मराठवाड्यातली एक अख्खी पिढी पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. विहीर खोल असते, पण तिचं पाणी उभं असतं. तिथे दम, धीर आणि बुडी येते, प्रवाह मात्र कळत नाही. विहिरीतला पट्टीचा पोहणारा बंधाऱ्यात बुडतो, तेव्हा लोक हळहळतात की एवढा पोहणारा कसा गेला. नदी त्याच्यासाठी नवीन होती, एवढंच.

भिंत कशी खचते

आतापर्यंत भिंत शाबूत आहे असं धरून चाललो. पण तिचीही तब्येत असते. थोपलेल्या पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. दोन मीटर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर दोन टनांनी रेटतं, चार मीटर पाणी आठ टनांनी. म्हणून ‘अजून थोडं पाणी साठू दे’ म्हणत भिंतीवर दोन थर चढवणं किंवा सांडव्याच्या तोंडाशी मातीची पोती रचणं हा पोरखेळ नसतो.

मराठवाड्यातल्या मातीच्या बांधांचं दुखणं वेगळं. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. मे महिन्यात ज्या भेगेत हात जातो, तिच्यातून जूनचं पाणी वाट शोधतं. बारीक झिरपा सुरू होतो. झिरपणारं पाणी नितळ असेपर्यंत धीर धरता येतो. ते गढूळ झालं, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे असा त्याचा अर्थ. उंदीर-घुशींची बिळं आणि बांधावर वाढू दिलेल्या बाभळी-लिंबांची मुळं तीच वाट सोपी करून देतात.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि राज्यभर त्याचा विनोद झाला. खेकडे बांधात बिळं करतात हे खरं आहे. पण ज्या बांधावरून कुणी नियमाने फिरतं, तिथे बीळ दिसतं आणि बुजवलं जातं. खेकड्याला दोष देणं म्हणजे तिथे कुणी फिरत नव्हतं, याची कबुली देणं.

कायदा कुठे सुरू होतो

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या पाण्याने खडकवासला फुटलं आणि पुण्याने जे पाहिलं, त्यातून धरणाच्या सुरक्षेचा विचार महाराष्ट्रात रुजला. नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आली. धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचा शिरस्ता पडला. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात, दोन हजारांहून अधिक. २०२१ मध्ये संसदेने धरण सुरक्षा कायदा केला.

हा कायदा साधारणपणे पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना तो लागू होतो, पण त्यासाठी लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशांपैकी एक तरी अट पुरी व्हावी लागते. भिंत फुटून गावं वाहून जाऊ नयेत, हा त्याचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. पण दोन-तीन मीटरचा बंधारा त्याच्या चौकटीत येतच नाही. कायदा दहा मीटरला सुरू होतो आणि माणूस एक मीटरला बुडतो.

या छोट्या बांधकामांचा कारभार ज्या कचेऱ्यांतून चालतो, त्या आपल्याच शहरात आहेत. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला १९८० पासून वाल्मी ही संस्था आहे. पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचं शिक्षण राज्यभरच्या अभियंत्यांना तिथे मिळतं. मृद व जलसंधारण आयुक्तालयही इथलंच. तरीही एखाद्या बंधाऱ्यावर उभं राहून ‘हा कुणाचा?’ असं विचारलं, तर जलसंपदा, जलसंधारण, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशी चार उत्तरं येतात. बांधताना शेतीचं पाणी डोळ्यांसमोर होतं, सहलीला येणारी माणसं नव्हती. त्यामुळे त्यांची जबाबदारी कुणाच्याच कागदावर चढली नाही.

कुणी बुडताना दिसलं तर

पहिला नियम मनाविरुद्ध जाणारा आहे: पाठोपाठ उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा गेला, असं वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात वाचायला मिळतं. काठावर पालथं पडून काठी, दोर, गाठी मारलेल्या ओढण्या किंवा पागोटं पुढे करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन किंवा घागर फेका. बुडणाऱ्याला तेवढा आधार पुरतो. एकाने त्याच वेळी ११२ ला फोन लावावा. आपण स्वतः प्रवाहात सापडलो, तर उभं राहायची धडपड करू नये, कारण दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि पाणी अंगावरून जातं. उताणं होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून तिरकं काठाकडे सरकावं. मात्र पुढे बंधारा असेल, तर त्याच्या आधीच काठ गाठायला हवा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं किंवा पोट दाबून पाणी काढणं ही जुनी पद्धत घातक आहे. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात जाण्याची भीती असते. श्वास बंद असेल, तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे शिकायला एक दुपार पुरते.

बंधाऱ्याचा माणूस

पडतं पाणी बघण्याची हौस या शहराला नवी नाही. पाणचक्कीत डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आणलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं. आपण ते पडताना बघतो, त्याचे तुषार अंगावर घेतो, पण पडणाऱ्या धारेच्या पायथ्याशी जायची वाट तिथे ठेवलेलीच नाही. पाण्याचा जोर हौदात जिरतो आणि माणूस हौदाच्या काठावर राहतो. आजही हे करता येतं. जिथे गर्दी होतेच, तिथे बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मोठ्या दगडांचा सैल उतार रचला, तर पडणारी धार फुटते आणि आडवा भोवरा तयार होत नाही. बघण्यासाठी काठावर कठडा, खोलीच्या खुणा रंगवलेला खांब आणि दोराला बांधलेली टायरची ट्यूब, एवढ्याने पुष्कळ साधतं.

पण या सगळ्याच्या आधी एक माणूस हवा. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांची व्यवस्था शेतकऱ्यांनी स्वतः चालवली. पाणी फिरवायला पाटकरी होता आणि राखणीला जागल्या होता. बंधारा म्हणजे दगड-चुना अधिक माणसं, असं ते धरून चालत. आपण दगड-चुन्याच्या जागी काँक्रीट आणलं आणि माणसाच्या जागी पाटी लावली. ‘पाण्यात उतरू नये’ असं लिहिलेल्या त्या पाटीला टॉवेल वाळत घालून लोक पाण्यात उतरतात.

पाटीला आज पाणी वाढलंय हे कळत नाही, गळती गढूळ झालेली दिसत नाही आणि कुणाला शिट्टीही वाजवता येत नाही. जून ते ऑक्टोबर, गावातल्याच एका पोहणाऱ्या तरुणाला रोज देऊन बंधाऱ्यावर बसवणं कुठल्याही ग्रामपंचायतीला अशक्य नाही. तोपर्यंत एक सवय लावून घ्या. येत्या पावसाळ्यात बंधाऱ्यावर गेलात, की चपला काढण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारा, ‘याच्याकडे बघणारा कोण?’ नाव कळलं, तर त्याला आजच्या पाण्याबद्दल विचारा. नाव कळलं नाही, तर चपला पायातच ठेवा आणि काठावरून बघा.